वाटणीत गेलेला आवाज

इचलकरंजीत दिवट्यांच्या घरची वाटणी झाली, तेव्हा एकही भांडं आपटलं नाही, याचं सगळ्या गल्लीला कौतुक वाटलं. बापूमामा मध्ये बसले होते. यंत्रमाग चोवीस, म्हणून बारा थोरल्या महादेवला आणि बारा धाकट्या दीपकला. पितळेची भांडी काट्यावर तोलली. देव थोरल्याकडे गेले आणि देवांची चांदीची उपकरणी धाकट्याकडे, म्हणजे एकाकडे देव उपाशी आणि दुसऱ्याकडे ताटं रिकामी. घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. आई सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. कुणाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती.

शेवटी राहिली आईच्या खोलीतली काळी पेटी. तेलाच्या डब्याएवढी, समोर चार खण आणि प्रत्येक खणात एक डिस्क. मामांनी चष्मा वर सरकवून ती न्याहाळली आणि म्हणाले, "चार हाईत न्हवं? मग दोन-दोन." भावांनी माना डोलावल्या. इतक्या सोप्या गोष्टीत आणखी काय विचारायचं?

आई, म्हणजे मालनबाई, कॉटवर बसून हे सगळं बघत होत्या. मामांनी पहिली डिस्क ओढली तशी त्यांच्या उशाजवळच्या स्पीकरमधून आवाज आला, "मुडद्या, हात काढ त्यावरचा. ते माझं..." तेवढ्यात मामांनी दुसरी ओढली आणि आवाज थांबला. जमलेली मंडळी हसली. मालनबाईंनी जन्मात पाठच्या भावाला शिवी दिली नव्हती, आणि दिली ती चार लोकांत. मामाही हसले. रिकामी पेटी महादेवच्या वाट्याला गेली, तिची बॅटरी दीपकच्या.

संध्याकाळी मालनबाई बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. वाटणीमुळं रुसल्या असतील, असं दोन्ही सुनांनी ठरवून टाकलं. दोघींना तेच सोयीचं होतं. तिसऱ्या दिवशी थोरल्या वर्षाला वाटलं की सासूबाईंच्या डोक्यावरची पट्टी खराब झाली असावी, आणि तिनं पुण्याला नणंदेला फोन लावला.

ही नणंद म्हणजे उज्ज्वला, दोन भावांमधली. पुण्यात ती बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचा बुडालेला डेटा वर काढायचं काम करायची. फोनवर वर्षानं वाटणीची सगळी हकिगत सांगितली, पेटीचीही सांगितली. उज्ज्वला ऐकता ऐकता खुर्चीत बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "आई रुसली नाही. तुम्ही तिची जीभ वाटून घेतलीत."

पाच वर्षांपूर्वी मालनबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात राहिला, मान राहिली, आणि डोकं तर शंभर टक्के राहिलं, हाच खरा वैताग होता. त्या सुमाराला डोक्याला बांधायच्या पट्ट्या नुकत्याच बाजारात आल्या होत्या. माणूस बोलतो त्याआधी मेंदू शब्द जुळवतो आणि जिभेला हुकूम सोडतो. जीभ ऐकत नसली तरी हुकूम सुटतोच. पट्टी तो वरच्यावर झेलते, त्याचा शब्द करते आणि स्पीकरवर बोलून दाखवते. मालनबाईंचा आवाज तर घरातल्या एका जुन्या लग्नाच्या व्हिडिओमधून उचलून हुबेहूब बसवला होता.

अडचण एकच. प्रत्येकाच्या मेंदूचं हस्ताक्षर वेगळं. यंत्राला ते शिकवावं लागतं. ते शिकवलं मालनबाईंच्या यजमानांनी, शंकररावांनी. रोज सकाळी पूजा आटोपली की ते तिच्यासमोर बसायचे. ते म्हणायचे "भाकरी", ती मनात म्हणायची "भाकरी", यंत्र टिपून घ्यायचं. असं दोन वर्षं चाललं. पहिल्या महिन्यात यंत्र भाकरीला भोपळा म्हणायचं आणि दोघं म्हातारी हसत बसायची. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मालनबाई सुनांना स्वयंपाकातल्या चुका सांगू लागल्या, आणि घर पूर्वपदावर आलं असं सगळ्यांनी मानलं. गेल्या दिवाळीनंतर शंकरराव गेले. त्यांच्या मागोमाग वाटणी आली.

मेंदूचा डेटा घराबाहेर जाता कामा नये, असा कायदा झाला होता आणि तो शहाणपणाचाच होता. म्हणून यंत्राचं सगळं शिक्षण त्या काळ्या पेटीत होतं. डिस्क कधी ना कधी मरणार, हे धरूनच अशी पेटी मांडतात. माहितीचे तुकडे चारही डिस्कवर पसरतात आणि त्यांच्यासोबत त्या तुकड्यांची एक प्रकारची बेरीजही ठेवतात. उज्ज्वला गिऱ्हाइकांना हे भावंडांच्या वयांवरून समजावायची. तीन भावंडांची वयं तीन कागदांवर लिहा, चौथ्या कागदावर त्यांची बेरीज. यातला कुठलाही एक कागद हरवला तरी उरलेल्या तिघांवरून तो परत लिहिता येतो. दोन हरवले तर मात्र ब्रह्मदेवाच्या बापालाही जमणार नाही. एक डिस्क गेली तर पेटी कुरकुरत का होईना चालते. दोन गेल्या की संपलं. दिवट्यांनी प्रत्येकी दोन नेल्या होत्या.

वेगळी नक्कल कुठं ठेवली होती का? नाही. दिवसभर दुसऱ्यांना नक्कल ठेवा म्हणून उपदेश करणाऱ्या उज्ज्वलानं माहेरच्या पेटीची नक्कल पुढच्या खेपेला करू असं तीन खेपांना म्हटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिनं चार दिवसांची रजा टाकली आणि इचलकरंजी गाठली.

घरात शिरताना तिला भिंतीचं ओलं सिमेंट दिसलं. मालनबाई महादेवच्या बाजूला होत्या. लेकीला बघून त्यांनी डावा हात पुढं केला आणि तिचं मनगट धरलं, ते चहा येईपर्यंत सोडलं नाही. उज्ज्वलानं पट्टी तपासली. पट्टी ठणठणीत होती. आई आत बोलत होती, हुकूम सुटत होते, ते झेलायला पलीकडं कोणी नव्हतं.

तिनं महादेवला सगळं समजावून सांगितलं. म्हणाली की चारही हव्यात असंही नाही, तीन पुरतील. इथं ती चुकली, हे तिला नंतर कळलं. महादेव माग चालवणारा माणूस, त्याचं गणित पक्कं होतं. त्यानं लगेच विचारलं की म्हणजे आपल्या दोन आणि दीपकची एक असली की भागलं? आणि दीपककडं मग एकच राहणार, ती कुचकामी? होय म्हटल्यावर तो खुश झाला. दीपककडून एक आण, माझ्या दोन कपाटात तयारच आहेत, असं त्यानं मोठ्या मनानं सांगितलं.

दीपक भिंतीपलीकडं. त्यानंही तेच गणित तितक्याच वेगानं केलं, फक्त उलट्या बाजूनं. त्याचं म्हणणं होतं की आण्णाला एक डिस्क दिली तर आईचा आवाज कायमचा आण्णाकडं राहणार. आई माझ्याकडं येईल तेव्हा मुकी येईल. मग लोक म्हणणार, थोरल्याकडं होती तोवर म्हातारी कशी बोलत होती.

"आण्णानं एक द्यावी की मला," तो म्हणाला. "माझ्याकडं पण दोन हाईतच."

दोन दिवस उज्ज्वला भिंतीला वळसा घालून इकडून तिकडं फिरत राहिली. दोघांच्याही घरी तिला आग्रहानं जेवायला वाढत होते, आणि जेवताना दुसऱ्याच्या मनात काय आहे ते विचारत होते. आईला बोलता यावं असं दोघांनाही अगदी मनापासून वाटत होतं. ते खोटं नव्हतं. फक्त आपण पहिला हात पुढं करावा असं वाटत नव्हतं. शेवटी तिनं ठरवलं की पेटी कुणाचीच नाही, ती आईची. आई जाईल तिकडं पेटी जाईल, चारही डिस्कसकट. बापूमामांना बोलावून तिनं हे त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. मामांनी आता हे मनाला लावून घेतलं होतं. त्यांनी दोघा भाच्यांना असं फैलावर घेतलं की शेजारची बाई खिडकीत आली.

महादेवनं कपाटातून दोन डिस्क काढल्या. देवीच्या फोटोमागं फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. दीपकनं एकच आणली.

"दुसरी?" उज्ज्वलानं विचारलं.

दीपकनं बरंच इकडंतिकडं केलं. मग कळलं की मागांवर कापडातले दोष हेरणारे कॅमेरे आहेत, त्यांच्या रेकॉर्डरला जागा कमी पडत होती. घरात एक डिस्क नुसतीच पडली होती. त्यानं ती लावली. पडद्यावर आलं, परकी डिस्क दिसते, नव्यानं तयार करू का? त्यानं हो दाबलं. असा प्रश्न आला की लोक हो दाबतात, उज्ज्वलाचं अर्धं पोट त्यावरच भरत होतं. त्या डिस्कवर आता चार दिवसांचं कापड सरकत होतं. महादेव तोंड उघडणार, तोच उज्ज्वलानं त्याला हातानं थांबवलं. तीन पुरतात, ती म्हणाली.

दुपारची जेवणं झाल्यावर सगळे महादेवच्या घरी पुढच्या सोप्यात आईच्या कॉटभोवती बसले. दीपकनं बॅटरी आणली होती. उज्ज्वलानं तिन्ही डिस्क खणात सरकवल्या. पेटीनं तिलाही तोच प्रश्न विचारला, की या डिस्क परक्या दिसतात, आहेत तशा ओळखून घेऊ की नव्यानं मांडू? तिनं पहिला पर्याय निवडला. पेटी घरघरायला लागली. चौथ्या खणात तिनं एक कोरी डिस्क लावली. उरलेल्या तिघींवरून ती भरायची होती. याला पुष्कळ वेळ लागतो आणि जुन्या डिस्कवर ताण येतो. या वेळात तिघींतली एक जरी बसली तरी सगळं हातचं जातं. मालनबाई कॉटवरून पेटीच्या दिव्यांकडं बघत होत्या.

दिवेलागणीच्या सुमाराला काम पुरं झालं. पडद्यावर दोन नावं आली. एकाच पेटीत आत वेगवेगळे कप्पे करता येतात आणि प्रत्येक कप्प्याची मांडणी निराळी ठेवता येते. कंपनीनं कप्प्यांना भारदस्त नावं दिली होती. एक 'वाचा', दुसरा 'संयम'. वाचेसमोर हिरवा ठिपका होता, संयमासमोर लाल.

उज्ज्वलानं बरीच खटपट केली. मग तिनं त्या कप्प्याची मांडणी बघितली आणि तिचे हात थांबले. माणसाच्या मनात येतं ते सगळं काही बोलायचं नसतं. मनातलं बोलणं आणि तोंडातलं बोलणं मेंदूत जवळजवळ सारखंच दिसतं. म्हणून यंत्र दुसरीही एक गोष्ट शिकतं, की या बाईनं यातलं काय बोलायचं ठरवलंय आणि काय गिळायचं. तो निवाडा डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हावा लागतो. ज्यानं पेटी बसवली त्यानं वेगासाठी हा कप्पा चारही डिस्कवर नुसता पसरून दिला होता, बेरीज न ठेवता. असं केलं की चारांतली एक जरी गेली तरी सगळं जातं. मामांनी पहिली डिस्क ओढली तेव्हाच संयम सुटला होता आणि म्हणून मामांना मुडद्या ऐकावं लागलं होतं. तो कप्पा परत मिळायला चारही जुन्या डिस्क हव्या होत्या, आणि चौथीवर दीपकचं कापड होतं.

तिनं हे सगळ्यांना सांगितलं. बोलता येईल, पण मनात येईल ते सगळं बाहेर पडेल. दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं. वर्षा म्हणाली की त्यात काय एवढं, आईंच्या मनात कुठं काय वाईट असतंय. उज्ज्वलानं आईसमोर बसून तेच पुन्हा सावकाश सांगितलं आणि विचारलं, चालेल का तुला? मालनबाईंनी होय म्हणून इतक्या जोरात मान हलवली की पट्टी सरकली.

उज्ज्वलानं पट्टी सारखी करून कळ दाबली.

"लागलं का? लागलं वाटतंय," स्पीकर म्हणाला. "अगं बाई. माझाच आवाज. पाठ खाजवालीया. महादेव टकला झाला की. ही वर्षा चहात साखर घालत न्हाई, मुद्दाम घालत न्हाई."

सोपा हसण्यानं भरून गेला. वर्षाही हसली आणि साखरेचा डबा आणायला उठली. मालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या रडताहेत हेही स्पीकर सांगत होता. दीपकनं आईच्या पायावर डोकं ठेवलं. त्या रात्री भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका पंगतीला जेवली. उज्ज्वलाला वाटलं की आपण आयुष्यात एवढं एक काम तरी नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कुसुमताई डबा घेऊन भेटायला आल्या. त्या उंबऱ्यात असतानाच स्पीकर म्हणाला, "आली बघायला. हिचा लाडू दाताला लागतोय." मालनबाई ओशाळून हात हलवू लागल्या. कुसुमताई हसल्या खऱ्या, पण बसल्या नाहीत. इथवर ते गमतीचंच होतं. पोरं तर आजीच्या भोवतीच घुटमळत होती, आजी आता काय बोलते म्हणून.

दहाच्या सुमाराला महादेव आईला आपल्या हातानं खीर भरवायला बसला. एरवी हे काम वर्षा करायची. आज बापूमामाही आले होते, म्हणून असेल. दोन घास गेले आणि स्पीकर सुरू झाला, बारीक, स्वतःशीच बोलल्यासारखा. "लोकांम्होरं भरवतोय. ह्यांच्या छातीत कळ आली तवा सांगितलं हुतं, गाडी काढ. ऑर्डर पुरी करून निघू म्हणाला. माग बंद ठेवायचा नव्हता ह्याला. ह्यानंच घालवलं त्यांना."

महादेवचा चमचा तसाच राहिला. मालनबाईंनी घाईनं डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. पण आवाज तोंडातून येतच नव्हता, तो उशाजवळच्या स्पीकरमधून येत होता आणि येतच राहिला. "बोलू नये. बोलायचं नव्हतं. पोराला किती लागंल. पण ह्यानंच घालवलं." महादेव वाटी खाली ठेवून उठला आणि थेट कारखान्यावर गेला. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले.

दीपकला हे कळलं तेव्हा तो हळहळला, पण त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधानही होतं, ते उज्ज्वलाला दिसलं. तो दुपारी आईजवळ येऊन बसला, तिचे पाय चेपू लागला. जुन्या गोष्टी काढल्या. मी लहानपणी फार त्रास द्यायचो ना गं, असं काहीतरी म्हणाला. नको ते बोलला बिचारा. आठवण काढली की ती येतेच, ती कशी थांबवणार?

"हा नको हुता मला," स्पीकर म्हणाला. "दोन बास हुती. डाक्टरकडं जाऊन आलो हुतो. सासूनं न्हाई म्हटलं म्हणून ऱ्हायला."

दीपकनं आईच्या पायांवर चादर नीट घातली आणि तो गेला. तो भिंतीपलीकडं पोचायच्या आत स्पीकर पुढचं बोलत होता. "ऐकलं त्यानं. ऐकलं की गं. माझं पोर ते. सगळ्यांत लाडकं निघालं. त्याला बोलीव. उज्जू, त्याला बोलीव." उज्ज्वला धावत गेली, पण दीपकनं दार लावून घेतलं होतं. आई अशी म्हणाली आणि मग असं म्हणाली, हे तिनं दाराबाहेरून सांगून बघितलं.

मनात एका मिनिटाला दहा गोष्टी येतात, त्यांतल्या नऊ आपणच खोडतो. मालनबाईंची खोडायची सोय गेली होती. तीस-चाळीस वर्षं जे त्यांनी गिळलं होतं ते मुलांच्या अंगावर पडत होतं. त्याच्या मागोमाग येणारी माया ऐकायला कुणी थांबत नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी महादेव आणि दीपक एकत्र आले. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं एका बाजूनं चालत आले, एकाच सतरंजीवर बसले. महादेवनं सांगायला सुरुवात केली आणि दीपकनं पुरं केलं. पेटी बंद कर. आमच्यासाठी नाही, आईसाठी. तिलाच किती त्रास होतोय बघ. हेही खोटं नव्हतं. मालनबाई सकाळपासून तोंडावर हात दाबून बसल्या होत्या, जेवायलाही काढत नव्हत्या.

उज्ज्वला चिडली. दोन दिवस भिंतीला वळसे घातले ते यासाठी नव्हेत, असं ती म्हणाली. यावर उपाय आहे, असंही म्हणाली. आणि तो खरोखरच होता. संयमाचा कप्पा नव्यानं मांडता येतो. यंत्राला तेवढंच परत शिकवायचं. रोज तास-दीड तास कुणीतरी आईसमोर बसायचं, ती बोलेल ते ऐकायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, हे बोलायचं होतं की नव्हतं? तिनं मानेनं सांगितलं की यंत्र टिपून घेणार. सहा महिन्यांत बऱ्यापैकी येईल. फक्त भाड्याची बाई ठेवून चालत नाही. परक्यासमोर माणूस जे झाकतो ते वेगळं आणि आपल्यांसमोर झाकतो ते वेगळं. समोर आपलंच माणूस पाहिजे, आणि त्यानं सहा महिने सगळं ऐकून घेतलं पाहिजे.

महादेवनं कारखान्याचं सांगितलं. वर्षानं गुडघ्यांचं सांगितलं. दीपक सतरंजीचा दोरा उपटत म्हणाला, "मी तिच्यासमोर रोज बसू, अक्का? आणि काय ऐकू?" दीपकची बायको तर आलीच नव्हती.

"ठीक आहे," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमच्यानं होत नसेल तर मी नेते आईला पुण्याला. मी बसेन."

"नेणार न्हाई ही," स्पीकर म्हणाला. "नुसती म्हणती."

मालनबाईंनी हात आणखी घट्ट दाबला. बोटं गालात रुतली. त्या लेकीकडं बघून मान हलवत होत्या, नाही नाही अशी.

"येती ती पेटी बघायला येती. आल्यापास्नं माझ्यापाशी बसली का घटकाभर? ह्यांच्यागत बसायचं कुणालाबी जमायचं न्हाई. माझी गुणाची बाय ती. पण न्हाई नेणार."

उज्ज्वलाचे कान तापले. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की आईचं बोलणं सुरू होण्याआधीच तिच्या मनात हिशेब चालू झाला होता. नवऱ्याला, मिलिंदला काय सांगायचं, पुढच्या महिन्यातली कामाची जर्मनीची फेरी कुणाला द्यायची, आईला पोराच्या खोलीत ठेवलं तर पोरगा कुठं झोपणार. आणि मिलिंदबद्दल, त्याच्या आईबद्दल, आपल्याबद्दल आई रोज काय काय बोलेल. तिला कुणी पट्टी बांधली असती तर स्पीकरवरून हेच ऐकू आलं असतं. आईला ते पट्टीशिवायच ऐकू आलं होतं.

ती आईसमोर जाऊन बसली. तिचा तोंडावरचा हात तिनं हलकेच काढून आपल्या हातात घेतला.

"आई," ती म्हणाली, "बंद करू का हे?"

"नको," स्पीकर लगेच म्हणाला. "नको गं. परत मुकी नको करूस मला. उज्जू, नको."

आणि त्याच वेळी मालनबाईंनी मान हलवली. खाली, वर, पुन्हा खाली. होय. डोळे मिटून, शांतपणे, सगळ्यांना दिसेल अशी.

दोन उत्तरं आली होती. यातलं आईचं कुठलं? मनात उठतं ते आपलं, की ते ऐकून आपण जे ठरवतो ते आपलं? उज्ज्वलाला हा प्रश्न नीट कळत होता. तिथल्या माणसांत तो फक्त तिलाच कळत होता. याचा निवाडा करणारा कप्पा पेटीत नव्हता. तो हवा असेल तर आईसमोर सहा महिने बसायला हवं होतं, आणि मग आईनंच सांगितलं असतं. ती आत्ता समोर बसलीच होती. उठली नसती तर ती सुरुवात झाली असती.

"आईनं होकार दिलाय," ती मागं वळून म्हणाली. "तुम्ही बघितलात ना?"

दोघांनी बघितलं होतं. महादेव म्हणाला, होय. दीपकही म्हणाला, होय. इतक्या दिवसांत दोघांचं एवढं एकमत कशावर झालं नव्हतं.

पेटी बंद करायची रीत असते. आधी कप्पे मिटायचे, मग वीज काढायची. उज्ज्वलानं तेवढा वेळ घेतला नाही. स्पीकर "नको गं, नको" म्हणत होता आणि तिला ते ऐकवत नव्हतं. तिनं एक डिस्क ओढली, मग दुसरी. आवाज मध्येच थांबला. मालनबाई अजून मान हलवत होत्या. मग त्याही थांबल्या.

उरलेल्या दोनही काढल्यावर चारही डिस्क सतरंजीवर पडल्या होत्या. महादेवनं आपल्या दोन उचलल्या. दीपकनं आपली एक उचलली आणि रेकॉर्डरला पुढंमागं लागेल म्हणून खिशात टाकली. कोरी डिस्क उज्ज्वलाची होती, ती तिनं पर्समध्ये घातली. रिकामी पेटी वर्षानं कॉटखाली सारली. चहा झाला. निघताना उज्ज्वला आईच्या पाया पडली. मालनबाईंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि पाठीवरून फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर उज्ज्वलाला बरं वाटलं असतं.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर मिलिंदचा फोन आला. काम झालं का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, बंद करावं लागलं. सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं.

"आणि आई काय म्हणाल्या?"

गाडी सुटली होती. उज्ज्वलानं खिडकीची काच ओढून घेतली.

"हो म्हणाली," ती म्हणाली.